सातव्या फेरीनंतर

सर, तुम्ही मैदानावर 'पानी' म्हणालात की मागच्या रांगेतून हसू फुटायचं, आणि त्या हसणाऱ्यांत मी असायचे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून सायकलवर येणारा माणूस आम्हाला पी.टी. शिकवतो आणि त्याला साधा 'ण' म्हणता येत नाही, याची आम्हाला केवढी मजा वाटायची. खरं तर आम्ही गास गावची मुलं घरी जी बोली बोलायचो ती तुमच्या कानावर पडली असती, तर तुम्हालाही हसू आलं असतं. पण तुम्ही हसल्याचं मला आठवत नाही. तुम्ही रांगेसमोर येऊन नुसते उभे राहायचात आणि सगळे आपोआप गप्प व्हायचे. मला तुमची भीती वाटायची. सगळ्यांनाच वाटायची, पण माझी पुढे वेगळी झाली. आता साठी ओलांडली तरी ती पुरती गेलेली नाही, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

मी नववीत होते. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही पोरं मावशीच्या बावखलात उतरलो होतो. मावशी म्हणजे सख्खी नव्हे, शेजारच्या वाडीची मालकीण. केळींना आणि पानवेलींना पाणी द्यायला खणलेलं ते मोठं तळं तिचं. गावातली निम्मी मुलं कमरेला सुके नारळ बांधून त्यातच पोहायला शिकली. तुम्ही कुठल्याशा गैरहजर मुलाच्या चौकशीला गावात आला होतात. माझा चुलतभाऊ माझ्या मागे लागला होता, कशावरून ते आता आठवत नाही, आणि मी जीव खाऊन पलीकडचा काठ गाठला. डोकं वर काढलं तर समोर तुमच्या चपला. "कोनी शिकवलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "कोणी नाही." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. मोडायच्या सवयी कमी."

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या ओटीवर येऊन बसलात. बाबांनी केळ्यांचा फणा पुढे केला, तुम्ही हात लावला नाहीत. आई दाराआडून ऐकत होती. बाबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं पोहून काय होनार, मास्तर?" बाबांच्याही तोंडात तुमच्यासारखाच न यायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. तुम्ही म्हणालात, "काय होनार ते मला माहीत नाही. डिसेंबरात मुंबईला पोहन्याच्या संघाची निवड आहे. हिच्या वयाच्या मुलींत इतकं जोरात पोहनारी मी इथं पाहिलेली नाही. एवढंच सांगायला आलो." बाबांना हे उत्तर आवडलं असावं. मोठमोठ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा त्यांना राग होता.

तुम्ही शाळेतली मोजपट्टी आणलीत आणि बावखलाच्या पायऱ्यांपासून पलीकडे दोन बांबू रोवून त्यांना एक फळी बांधलीत. बरोबर पंचवीस मीटर. माझ्या अंगावर भावाची अर्धी चड्डी आणि जुना सदरा होता, तो पाण्यात फुगायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलंत. काकूंनी, म्हणजे तुमच्या मंडळींनी, काळ्या कापडाचा पोहण्याचा पोशाख शिवला होता, मापं न घेता, नुसत्या तुमच्या सांगण्यावरून. खांद्याला जरा घट्ट होता. मी तो घालून पायऱ्यांवर आले तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत म्हणालात, "चल, उशीर होतोय." त्या एका वाक्यानं माझी लाज गेली. असं धीर देणं तुम्हाला जमायचं. बाकी धीर तुम्ही फारसा दिला नाहीत.

तुमची पद्धत मला पहिल्या आठवड्यात कळली. मला शंभर मीटर एक मिनिट सोळा सेकंदांत पोहायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुला रोज शंभर-शंभर मीटर पळवलं तर शेवटी दमून तू वेडंवाकडं पानी मारशील, आनि अंगाला तेच पाठ होईल. म्हनून शर्यतीचे तुकडे करू. पंचवीस मीटरला एकोनीस सेकंद. मग वीस सेकंद दम घे. मग पुन्हा पंचवीस, पुन्हा एकोनीसात. अशा बारा फेऱ्या. अठरा नको मला, वीसही नको." प्रत्येक फेरीनंतर तुम्ही एकच शब्द बोलायचात. वेळेत आले तर "बरोबर". नाही आले तर "गेला". एकदा 'गेला' झालं की पुढची फेरी पाण्यात उभं राहून काढायची. लागोपाठ दोनदा झालं की बाहेर. "घरी जा," म्हणायचात, आणि सायकलचा स्टँड काढायचात.

ते "घरी जा" किती साध्या आवाजात म्हणायचात! ओरडला असतात तर बरं वाटलं असतं. सकाळी सहाला, धुकं बावखलावर बसलेलं असताना मी घरातून निघायचे तेव्हा पाय जड व्हायचे ते थंडीनं नव्हे. पहिल्या चार फेऱ्या सोप्या. पाचवीपासून दंड भरून यायचे. सातवीला छातीत जळायला लागायचं, आणि फळीला हात लावून मान वळवली की पाण्यावरून तुमचा आवाज यायचा. तो यायच्या आधीचा तो एक क्षण. आजही कुणी माझ्याकडे बघून काही बोलायला तोंड उघडलं की मला आधी 'गेला' ऐकू येतं. एकदा मी पाचव्याच फेरीला बाहेर पडले आणि रडले. तुम्ही म्हणालात, "रडू नकोस. चुकीचं पोहन्यापेक्षा न पोहलेलं चांगलं. उद्या ये." मला ती शिक्षा वाटत होती. तुम्ही मला जपत होतात, हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

नोव्हेंबरात तुम्ही फेरी सुरू करायची शिट्टी बंद केलीत. "शर्यतीत मी नसनार," म्हणालात. "दम घेताना वीस आकडे तूच मोज आनि तूच निघ. काठावर काय चाललंय ते बघायचं नाही. गाय येऊ दे, मानूस येऊ दे, मी काही करू दे. तुझं लक्ष आकड्यांत." मी मान हलवली. तुम्ही सांगितलेलं मी शब्दशः पाळायचे, भीतीपोटी.

आता त्या सकाळचं.

निवडीला तीन आठवडे उरलेत. गारठा आहे. मावशीच्या वाडीत पाण्याचं इंजिन चालू आहे, त्याची टुकटुक ऐकू येते. तुम्ही आज उशिरा आलात, सायकल नेहमीच्या माडाला न टेकवता तशीच खाली टाकलीत, आणि "चल" एवढंच म्हणालात. पहिल्या सहा फेऱ्या बरोबर. सहाव्या वेळी तुमचा आवाज जरा जड वाटला, दारू प्यायलेल्या माणसाचा असतो तसा, आणि मला भलतीच शंका येऊन गेली. सातवी फेरी मी फळीपाशी संपवली. मान वळवली. पायऱ्यांवर तुम्ही बसला होतात. तुम्ही कधी बसत नसायचात. डोकं गुडघ्यांवर होतं. ना 'बरोबर', ना 'गेला'. मी वीस मोजले आणि निघाले. आठवी फेरी तुमच्या दिशेनं होती. पायरीला हात लावला तेव्हा तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होतात. एका कुशीवर कलंडला होतात. एवढ्या थंडीत तुमचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. डोळे अर्धे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ओठ काहीतरी हलत होते.

सर, मी काय केलं ते लिहिते. मी वीस मोजले आणि निघाले.

नवव्या फेरीला मी मनाला सांगितलं, ही परीक्षा आहे, काठावर बघायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय. दहाव्या फेरीला परत तुमच्यापाशी आले, तुम्ही तसेच होतात, आणि ही परीक्षा नाही हे मला कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं. तरी मी अकरावी फेरी पोहले आणि मग बारावी. पाण्याबाहेर आलं की तुम्हाला हात लावावा लागणार होता, हाक मारावी लागणार होती, आणि तुम्ही उठला नाहीत तर? पाण्यात डोकं घातलं की नुसते आकडे होते. बाहेर तुम्ही होतात. मला पाण्यात कमी भीती वाटत होती, एवढंच. आठव्या फेरीपासून बाराव्या फेरीपर्यंत अडीच मिनिटं तरी झाली असतील. बारा झाल्या तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून मी बाहेर आले आणि ओरडत सुटले.

मावशी इंजिनापाशी होती. धावत आली, तुमच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "साखर उतरलीय. आमच्या सासऱ्यांचं असंच व्हायचं. पळ, घरातून गूळ आण." मी ओल्या अंगानं, अनवाणी पळाले. मावशीनं गुळाचा खडा बोटांनी कुस्करून तुमच्या हिरड्यांवर चोळला, पुन्हा चोळला. तुमची मान तिच्या मांडीवर होती. मी बाजूला उभी, दात वाजताहेत, आणि मनात 'नमो मरिये'ची प्रार्थना घोकतेय, पण दुसऱ्या ओळीपुढे जाताच येत नाहीये. किती वेळ गेला कोण जाणे. मग तुमचे डोळे स्थिर झाले. तुम्ही आधी मावशीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि जड जिभेनं विचारलंत, "बारा झाल्या?"

मी म्हटलं, "हो सर."

मावशी भडकली. "बारा कसल्या विचारताय? पोरगी होती म्हणून वाचलात!" मग तुम्हाला सगळं सांगावंच लागलं. चार वर्षं तुम्ही सुई टोचून घेत होतात. त्या दिवशी टोचली आणि उशीर झाला म्हणून काही न खाता एवढी सायकल मारत आलात. शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मावशीसमोर हात जोडलेत. माझ्या आयुष्यात मी तुम्हाला घाबरलेलं तेवढंच पाहिलं. "शाळेत बोलू नका. मैदानावर उभं राहू देनार नाहीत मला." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तू पन नाही." मावशी म्हणाली, "बोलणार नाही. पण उद्यापासून माझ्या घरात भाकरी खाल्ल्याशिवाय बावखलावर पाय ठेवायचा नाही." आणि ज्या तुम्ही आमच्या ओटीवर केळ्याला हात लावला नव्हतात, त्या तुम्ही मान हलवलीत.

मी तुम्हाला वाचवलं अशी गोष्ट त्या दिवशी तयार झाली. मावशी, तुम्ही आणि मी, तिघांतच राहिली, पण राहिली. तुम्ही तर ती मानलीच. माझ्याशी बोलताना तुमचा आवाज बदलला. दोनदा 'गेला' झालं तरी तुम्ही "घरी जा" न म्हणता "बस थोडी" म्हणायला लागलात. तुम्ही जितके मऊ होत गेलात तितकी माझी भीती वाढत गेली. आधी मला 'गेला' या शब्दाची भीती होती, आता तुमचीच वाटायला लागली. तुम्ही पडाल याची, आणि पडला नाहीत तर एक दिवस सगळं आठवून विचाराल याची. पोहताना मी दर चार हातांमागे डोकं वर काढून काठ बघायला लागले. एकोणीसचे एकवीस झाले. तुम्ही म्हणायचात, "डोकं का उचलतेस?" मी म्हणायचे, "दम लागतो सर." तुम्ही वहीत काहीतरी लिहायचात.

मुंबईचा तो तलाव मला आवडला नाही. बावखलाचं पाणी हिरवं, हाताभरापलीकडे काही दिसायचं नाही, आणि मला त्याची सवय होती. इथे तळाच्या फरश्यांचे सांधेसुद्धा दिसत होते. इतकं खोल, इतकं स्वच्छ पाणी बघून मला उंच गच्चीच्या कठड्यावर उभं असल्यासारखं वाटलं. तुम्ही वर बाकावर बसला होतात, मी जागा नीट बघून ठेवली होती. पहिले पन्नास मीटर मी चांगली पोहले, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. वळून परत निघाले, श्वासाला मान फिरवली, आणि तुमची जागा रिकामी दिसली. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. मी डोकं वर काढलं, पुन्हा काढलं, कुठेच दिसला नाहीत. बाजूच्या मुली पुढे सरकत होत्या आणि मी काठावर पडलेला माणूस शोधत होते. पहिल्या तिघी निवडल्या. मी पाचवी आले.

तुम्ही पडला नव्हतात. नीट दिसावं म्हणून खाली उतरून माझ्या रांगेच्या टोकाशी येऊन उभे राहिला होतात. तुम्ही टॉवेल माझ्या खांद्यावर टाकलात. मग हळूच म्हणालात, "मी खाऊन आलो होतो गं."

मी टॉवेल लपेटून कपडे बदलायला गेले. तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. दहावीचं वर्ष म्हणून आईनं पोहणं बंद केलं, आणि ती म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढे मी नोकरीला लागले, लग्न होऊन नायगावला आले. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा दोन महिन्यांचा होता. मावशीनं आठ दिवसांनी निरोप धाडला. सकाळी काकू उठवायला गेल्या तर उठला नाहीत, एवढंच कळलं. मी लगेच गेले नाही. मूल लहान आहे, असं सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरानं पाचूबंदरला गेले. अंगणात मासळी सुकत होती, काकू तिच्याजवळ बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि आत नेऊन चहा केला. म्हणाल्या, "तुझं नाव नेहमी काढायचे. म्हनायचे, त्या पोरीमुळं मी हाय." मी चहा कसाबसा संपवला आणि उठले.

इतकी वर्षं मी हे सांभाळून होते, कारण तुम्ही शुद्धीत नव्हतात अशी माझी खात्री होती. ज्याला काही कळलंच नाही त्याच्याशी मी काय खोटं बोलले? पण गेल्या मंगळवारी ती खात्री गेली. मलाही आता सुई लागते. सकाळी ती घेतली आणि सूनबाई पोळ्या करतेय तोवर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते म्हणून बाहेर गेले. हात थरथरायला लागले. मानेवरून घामाचे ओघळ आले. मी खुर्चीत बसले आणि मग जीभ हलेना. सर, मला सगळं ऐकू येत होतं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. कुकरच्या शिट्ट्या मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच. सूनबाईनं आतून दोनदा हाक मारली, ती नीट कळली, पण उत्तर देणारी मी कुठेतरी फार खाली होते. तिनं येऊन तोंडात साखर घातली. बोलता यायला लागल्यावर मी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "पाच शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केलास का?" ती बिचारी रडत होती आणि हसत होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तुमचं "बारा झाल्या?" घोळतंय. तुम्ही पायरीवर पडल्या पडल्या माझे हात पाण्यात पडल्याचे आवाज ऐकत होतात का? मी तुमच्यापाशी येऊन थांबले, वीस आकड्यांइतकी उभी राहिले, आणि परत निघून गेले, हे तुम्हाला कळत होतं का? एकदा नाही, दोनदा. ऐकलं असलंत, तर मी वाचवलं असं तुम्ही काकूंना का सांगत राहिलात? मला जपायला? की चौदा वर्षांच्या पोरीला तुम्ही इतकं घाबरवून ठेवलं होतंत, याची तुम्हालाच भीती वाटली? की खरंच काही ऐकलं नव्हतंत, आणि तो प्रश्न नुसता सवयीचा होता? मी खुर्चीत होते तेव्हा मला सूनबाईचा राग आला नाही. यायला उशीर का केलास, असं मनातसुद्धा आलं नाही. नुसतं वाटत होतं, कुणीतरी जवळ आहे, आवाज चालू आहेत, अजून चालू आहेत. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, असं मी दिवसातून चारदा स्वतःला सांगते. पण ते मला हवं म्हणून मी सांगते, हेही मला कळतं.

सूनबाईनं आत्ता डोकावून विचारलं, काय लिहिताय. म्हटलं, वाण्याची यादी. हा कागद कुठे जाणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आणि उगाच मोठेपणा नको म्हणून आणखी एक सांगते. तुम्ही आज पाचूबंदरच्या तुमच्या ओट्यावर बसलेले असतात, नायगावहून मी रिक्षा करून तासाभरात पोचू शकले असते, तरीही हे विचारायला मी आले नसते. तुम्ही तोंड उघडून काय उत्तर द्याल, या भीतीनं मी घरीच राहिले असते. तुम्ही नाही आहात, म्हणून एवढं तरी लिहायचा धीर झाला.